कप्तानचं पथ्यपाणी

१८ नोव्हेंबर

काजल आणि जावई आज सकाळच्या गाडीने सुरतेहून नंदुरबारला उतरले, इथे धानोऱ्याला येऊन जेवले आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेले. मागे कुत्र्याचं पिल्लू ठेवून गेले. त्यांच्या नव्या फ्लॅटला रंग चालू आहे, त्या वासात पिल्लू राहू शकत नाही म्हणे. महिनाभर सांभाळा, सारंगखेड्याच्या यात्रेला येऊ तेव्हा घेऊन जाऊ. मी सरळ नाही म्हणणार होतो. पण लग्न झाल्यापासून पोरीने माहेरी मागितलेली ही पहिलीच गोष्ट. निघताना तिचे डोळे भरले, म्हणाली, "आबा, याले जीव लाई सांभाळज्यात." मग ठेवून घेतलं.

लॅब्रॅडोर जात, सायीचा रंग, वय अडीच महिने, नाव कॅप्टन. माझी बायको शोभा त्याला कप्तान म्हणते, तेही लांबूनच. तिने जाहीरच करून टाकलं, "मी हात लावाव नही. माले त्याना वास येस." मीही म्हटलं, गोठ्यात बांधू, आपल्याला काय.

संध्याकाळी आमच्या म्हशीची, गंगीची धार काढायला बसलो तर हे पाठोपाठ आलं आणि बादलीशेजारी बसलं. आमच्या घरी आलेला पाहुणा, मग तो तलाठी असो की भंगारवाला, पाण्याच्या आधी दूध पितो. आजोबांपासूनची रीत आहे. वाटीभर दिलं. चाटूनपुसून साफ.

२० नोव्हेंबर

काजलने पिल्लाचं खाणं सोबत दिलंय, पाकिटातले कोरडे दाणे. चष्मा लावून पाकीट वाचलं आणि घामच फुटला. आत कोंबडी आहे. आमच्या घरात आजवर अंडं आलेलं नाही. शोभाने विचारलं, "या दाना कसाना शेतस?" मी म्हटलं, मका-तांदळाचे. ते खोटं नाही, तांदूळही लिहिलेला आहे.

ती म्हणाली, "पाकिटवर कोंबडी काढेल शे. ती काय मका खावाले येल शे?"

पाकीट गोठ्यातल्या सरकी ढेपेच्या पिपावर ठेवलंय. खायला घालून झालं की हात राखेने घासतो. काजलला सांभाळीन म्हणालोय, तर सांभाळायला हवं.

२३ नोव्हेंबर

पाकीट संपत आलं. पोरीला वाटलं असेल, धानोऱ्याच्या किराणा दुकानात हे मिळतं. नंदुरबारला गेलो. रस्त्याला दोन्ही बाजूंनी मिरच्या वाळत घातल्यात, अख्खी एसटी शिंकत होती.

दुकानात कुत्र्यांच्या खाण्याची भिंतच. पोरगा विचारतो, कोणतं देऊ? मी चाळीस वर्षं कपाशीचं बियाणं निवडलंय, मला कोण शिकवणार. ज्या पाकिटावर सगळ्यात दांडगा कुत्रा होता ते उचललं. छाती अशी की पोळ्याच्या बैलाने लाजावं. आपला कप्तान असाच व्हायला पाहिजे. म्हणजे काजलला बरं वाटेल.

२५ नोव्हेंबर

काल सकाळी नवीन दाणे वाटीभर घातले. खाल्ले. आज सकाळपासून पातळ. गोठा तीनदा धुतला. शोभा ओट्यावरून म्हणाली, "दांडगा व्हयी ऱ्हायना वाटतं."

२६ नोव्हेंबर

आज एकादशी. दिवसभर काही खाल्लं नाही, दोन वेळा गंगीचं दूध तेवढं. कप्तानलाही पोटाला आराम म्हणून लंघन घातलं. दाण्याला हात लावू दिला नाही. दोघांचाही उपास, दोघांनाही वाटी वाटी दूध, बस्स. तरी संध्याकाळी त्याचं पुन्हा पातळच. पोटात काही नाही तर हे येतं कुठून, देव जाणे.

२७ नोव्हेंबर

दिलवरसिंग डॉक्टरांकडे नेलं. गावातला गुरांचा दवाखाना तेच बघतात. गंगीची दोन बाळंतपणं त्यांनीच केली. माणूस चांगला, पण बोलायला फटकळ. पाकीट बघून हसलेच.

"आबा, हाई मोठा कुत्रास्नं शे. दूध सोडेल पोऱ्याले पुरनपोळीनं ताट वाढं तुम्हीं."

पिल्लांचं वेगळं असतं, त्यातही मोठ्या अंगाच्या जातीच्या पिल्लांचं आणखी वेगळं. हाडं फार भराभर वाढली तरी वाईट. आणि खाणं एकदम बदलायचं नाही. जुन्यात थोडं नवीन मिसळायचं, मग निम्मं निम्मं, मग हळूहळू सगळं नवीन. आठ-दहा दिवस लागू द्यायचे. जंताचं औषध दिलं.

मग उलटतपासणी. आणखी काय खाऊ घालता? भाकरी? बिस्किटं? शेव-फरसाण? मी म्हटलं, डॉक्टर, गंगीची शपथ, पाकिटाशिवाय घासभर काही नाही. शेजारची छबूबाई भाकरीचा तुकडा टाकायला आली होती, तिला मी हाकललं. ती आता माझ्याशी बोलत नाही. डॉक्टर म्हणाले, असंच कडक राहा.

तिथूनच नंदुरबारला जाऊन दुसरं पाकीट आणलं. यावर बारकं पिल्लू आहे. छाती वगैरे काही नाही.

३० नोव्हेंबर

फवारणीचं औषध मोजायचा कप घासूनपुसून घेतलाय. त्याने दाणे मोजतो. दोन डब्यांतून घ्यायचं, मिसळायचं, कोमट पाण्यात भिजवायचं. शोभा दारात उभी राहून बघत होती.

"काजल तान्ही व्हती तवय एक डाव तरी बाटली धुयी व्हती का तुम्हीं?"

नव्हती धुतली. पण त्या वेळी शेतात काम होतं. आता शेत माझा पुतण्या गिरधर अर्ध्या वाट्याने, बटाईने करतो, माझ्याजवळ वेळ आहे एवढाच फरक.

आज कप्तानला मळ्यापर्यंत फिरवून आणलं. गिरधर तिथेच होता. मला बघून त्याने खुरपं खाली ठेवलं, "आबा! तुम्हीं मळामा? पाय दुखस ना तुमना?" खरंच, गुडघा दुखला नाही. कप्तान मिरचीच्या सरीत शिरला आणि शिंकून शिंकून बसकण मारली त्याने. मी खूप हसलो. आल्यावर थकला होता, म्हणून धार काढताना वाटी जरा मोठी दिली.

पोट अजून नीट नाही. डॉक्टर म्हणाले होते वेळ लागेल.

३ डिसेंबर

वेळ म्हणजे किती? अंग उतरलंय, बरगड्या हाताला लागतात. नवीन दाणे निम्म्यावर आलेत, सगळं सांगितल्याप्रमाणे चाललंय, तरी पातळच. आज दाण्यांना तोंडच लावलं नाही. दूध मात्र पितो बिचारा, तेवढाच आधार. अंगात ताकद राहावी म्हणून आजपासून सकाळीही सुरू केलं. शोभाला बजावून सांगितलं, त्याच्या दुधावरची साय काढू नको.

काजलचा व्हिडिओ फोन आला. दाखवा म्हणाली. मी म्हटलं झोपलाय. पोरीशी खोटं बोललो.

४ डिसेंबर

सकाळी हाक मारली तर उठला नाही. मान वर करून बघितलं आणि परत खाली टाकली. नाक कोरडं. गिरधरला बोलावलं, गोधडीत गुंडाळलं आणि मोटारसायकलवर मागे धरून बसलो. दवाखान्यापर्यंतचा रस्ता आज संपतच नव्हता. गोधडीत हात घालून घालून बघत होतो, गरम आहे ना.

डॉक्टरांनी आधी त्या वाईट रोगाची तपासणी केली, ज्यात पिल्लं दोन दिवसांत जातात. ते बघेपर्यंत मी बाहेर लिंबाखाली उभा होतो. तो नाही निघाला. अंगातलं पाणी कमी झालंय म्हणाले. एवढ्याशा पायात सुई घातली, सलाईन लावलं. रडलासुद्धा नाही. मला रडू आलं. लिहून ठेवतो, ही वही कोण वाचणार आहे.

डॉक्टरांनी दोन दिवस त्याला आपल्याच घरी ठेवून घेतलंय. मी घरी आलो. शोभाने ताट वाढलं. जेवण गेलं नाही. ती म्हणाली, "कुत्रा तो शे, त्याले बरा कराले आपलं घर कमी पडनं का?" आणि तिनेही ताट सारलं. हात लावणार नव्हती ती.

६ डिसेंबर

आणला! चालत आला! दोन दिवसांत डॉक्टरांनी काय जादू केली कोण जाणे. भात, उकडलेला भोपळा आणि सलाईनचं पाणी, एवढंच दिलं म्हणाले. काल संध्याकाळपासून शी घट्ट. दवाखान्याच्या अंगणात मला पाहून असा धावला की पायात पाय अडकून पडला.

घरी आल्याबरोबर गंगीची पहिली धार त्याची. दोन दिवस मुकलाय. शोभाने आतून स्वतः कोमट करून आणलं, साईसकट. वाटी खाली ठेवताना तिचा हात त्याच्या डोक्याला लागला, तो तिने लगेच काढला नाही.

७ डिसेंबर

पुन्हा पातळ. दिवसभरात किती वेळा ते लिहवत नाही.

डॉक्टरांकडे बरा होतो आणि माझ्याकडे बिघडतो. म्हणजे दोष दाण्यांचा नाही, दोष आमच्या घराचा आहे. बोअरचं पाणी असेल म्हणून दुपारी दुकानातून बाटलीचं पाणी आणलं, तर दुकानदार झिपरू सगळ्यांसमोर म्हणतो, "आबा, कोन साहेब उना घर?" शोभाला वाटतं, कोंबडीचं अन्न घरात आलं त्याचा हा दोष. मला वाटतं, त्याला इथली हवाच मानवत नाही.

संध्याकाळी धार काढताना तो शेजारी बसला होता आणि मी ठरवलं. जीव गेला तर काजलला तोंड कसं दाखवू? रंगाच्या वासाने डोकं दुखेल, पण जगेल तरी. उद्या गंगीला बघायला डॉक्टर येणार आहेत, त्यांना विचारतो आणि परवाच्या गाडीने सुरतेला पोचवतो. दाणे, कप, गोधडी एका पिशवीत भरून ठेवलं. पिशवी भरताना तो आत तोंड घालून बघत होता. त्याला वाटलं खेळ आहे.

८ डिसेंबर

काय लिहू आणि कसं लिहू.

गंगी गाभण आहे का ते बघायला डॉक्टर संध्याकाळी आले. त्यांनी हात धुतले, मी म्हटलं बसा, धार काढतो, चहा घेऊन जा. कप्तान आपली वाटी तोंडात धरून बादलीशेजारी येऊन बसला. हे तो आपलं आपणच शिकलाय, मला त्याचं मोठं कौतुक. मी दूध ओतलं.

डॉक्टर उभेच राहिले. "आबा, हाई काय शे?"

"दूध."

"रोज देतस?"

"हो. आधी एक वेळ, आता दोन वेळ. अशक्तपणा आहे ना."

"मी तुम्हांले इचारं व्हतं, पाकिटशिवाय काय देतस. तुम्हीं गंगीनी शपथ खादी!"

"मग? घासभर काही दिलेलं नाही."

"आन् हाई दूध?"

मी म्हटलं, डॉक्टर, दूध म्हणजे काय खाणं आहे का? ते एकादशीला चालतं!

डॉक्टर खाली दगडावर बसले. हसतात की चिडतात कळेना. मग लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. त्याने आईचं दूध सोडलंय. आता दूध पचवायची ताकद त्याच्या पोटात उरलेली नाही, त्यातून म्हशीचं, त्यातून साईसकट. दाण्यांनी बिघडलेलं पोट कधीच सुधारलं असतं, दुधाने ते सुधारू दिलं नाही. "तुम्हीं दाना बदली बदली थकनात. दाना बिचारा काय करतीन?"

म्हणजे उपासाच्या दिवशी दूध. दमला की दूध. मरायला टेकला तेव्हा आणखी दूध. मी स्वतःच्या हाताने घालत होतो आणि वर मोजायचा कप घेऊन दाणे मोजत होतो. शोभा ओट्यावर उभी राहून ऐकत होती. मला वाटलं आता वर्षभर ऐकावं लागणार. पण ती फक्त म्हणाली, "साय मीबी घाली व्हती," आणि आत गेली.

डॉक्टर जाताना म्हणाले, बरा होईल. सुरतेला नेऊ नका, आता प्रवास नको. मी पिशवी रिकामी केली.

९ डिसेंबर

संध्याकाळची धार. कप्तान वाटी घेऊन हजर. दूध पाहुण्याला नाकारण्याची या घरात पहिलीच वेळ. वाटीत पाणी ओतलं. त्याने वाटीत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी गंगीच्या आडोशाला तोंड लपवलं. मग प्यायला.

११ डिसेंबर

घट्ट!

सकाळी गोठ्यामागे जाऊन बघितलं आणि शोभाला हाका मारून बोलावलं. ती पदर खोचत धावत आली, तिला वाटलं साप निघाला. दाखवली. तिने कपाळाला हात लावला. "हाई दखाडाले माले तव्यावरन्या पोया सोडीन बलावं?" पण ती वाकून नीट बघून गेली, हे मी पाहिलं. देवासमोर उदबत्तीही लावली तिने. एवढी हलकी सकाळ कित्येक दिवसांत आली नव्हती. छातीवरचं पोतं कोणी उतरवावं तसं झालं.

आज एकादशी. दुपारी शोभाने दुधाचा पेला समोर ठेवला आणि माझा हात तिथेच थांबला. डॉक्टरच्या म्हणण्याप्रमाणे दूध जर खाणं असेल, तर माझे आजवरचे उपास कोणत्या खात्यात गेले? शोभाला विचारलं. ती म्हणाली, "तुम्हीं काय कुत्रा शेतस का? गुपचूप प्या."

१३ डिसेंबर

भात-भोपळ्यात आता दाणे मिसळणं सुरू केलंय. आधी चिमूटभर, मग मूठभर. घाई नाही. पोट टुमटुमीत, नाक ओलं. आज सकाळी मळ्यात गेलो, संध्याकाळी पुन्हा गेलो. गिरधरच्या मिरचीला पाणी जास्त होतंय, ते त्याला सांगितलं. आता रोज जाऊन बघायला पाहिजे. छबूबाईलाही सांगून आलो की तिच्या भाकरीचा काही दोष नव्हता. ती म्हणाली, "माले म्हाईत व्हतं."

काजलला व्हिडिओवर सगळं खरं सांगितलं. ती रागावली नाही. मांडीवरच्या कप्तानकडे आणि माझ्याकडे बघून हसली. मग आईला फोन द्या म्हणाली. मायलेकी आत जाऊन पुष्कळ वेळ हळू आवाजात बोलल्या. मी पाणी प्यायला गेलो तर विषय एकदम लिंबाच्या लोणच्यावर गेला.

१६ डिसेंबर

उद्या येतायत. फोनवर म्हणाली फ्लॅटचं काम पूर्ण झालं, वासही गेला. चांगलं झालं. पोरीचं कुत्रं आहे, पोरीने न्यावं.

दाणे आता निम्म्यावर आलेत. कप, वाटी आणि गोधडी पिशवीत भरली. या वेळी तो पिशवीत घुसून झोपलाच. काढला नाही.

१७ डिसेंबर

आले. कप्तान तिला ओळखून नाचला, मग येऊन माझ्या पायाशी बसला. यात मी काही शिकवलेलं नाही.

जेवण झाल्यावर मी काजलला सगळं समजावून दिलं. किती दाणे, किती कोमट पाणी, दूध अजिबात नाही, शेजाऱ्यांवर लक्ष. मग माझ्या मनात आलेली शंका मी बोलून दाखवली. डॉक्टरांनी सांगितलंय की एकदम बदल करायचा नसतो. खाण्याला जे लागू ते जागेलाही लागू असणार. जुन्यात नवीन थोडं थोडं मिसळायला हवं. म्हणजे यात्रा बघून दोन दिवस सुरतेला न्या, मग महिनाभर इथे ठेवा, मग चार दिवस तिकडे. असं करत करत न्यावा. हे मी फक्त त्याच्या पोटाच्या दृष्टीने म्हणालो.

जावई खाली मान घालून हसत होते. शोभा म्हणाली, "कुत्रा ऱ्हाई लेई तठे. ह्या कसा ऱ्हातीन, ते इचार त्यास्ले." काहीही बोलते.

काजलने कप्तानच्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "आबा, आम्हीं यात्रा करीसन परस्पर सुरतले जातस. फ्लॅटमा आजून रंगना वास येस. ऱ्हाऊ द्या त्याले आठेच." कालच म्हणाली होती वास गेला. हल्लीच्या रंगांचा काय भरवसा, गेलेला वासही परत येत असेल.

मला फार बरं वाटलं. त्याच्या पोटाच्या दृष्टीने.

निघताना जावयांनी गाडीच्या डिकीतून मोठं पोतं उतरवून गोठ्यात नेऊन ठेवलं. बघितलं तर पिल्लाचं चित्र असलेल्या त्याच दाण्यांचं, सहा महिने पुरेल एवढं. कुत्र्याला न्यायलाच आले होते तर एवढं ओझं सुरतेहून इथे कशाला वाहून आणलं, ते काही मला कळलं नाही. विचारायच्या आत गाडी वळली, आणि धारेची वेळही झाली होती. कप्तान वाटी घेऊन बादलीशेजारी बसला होता. त्याला पाणी दिलं.